पगाराच्या संगणकाचा हिशेब कोण विचारणार?

जानेवारी २०१८ मध्ये शालार्थ बंद पडली. राज्यातल्या जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे, शिक्षकेतरांचे पगार या संगणक प्रणालीतून निघतात. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, एक-दोन दिवसांचा बिघाड असेल, सर्व्हर चालू होईल. सर्व्हर काही चालू होईना. मग शासनाने ऑफलाइन पगाराला परवानगी दिली, तिची मुदत संपली की पुन्हा वाढवली, आणि २०१८ सालातले बरेच महिने असेच गेले. जे काम यंत्राने हातातून काढून घेतलं होतं ते शाळेच्या लिपिकांनी परत हातात घेतलं. पगारपत्रकं तयार करायची, कपाती मांडायच्या, बेरजा जुळवायच्या आणि गठ्ठा वेतन पथकाकडे पोचवायचा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळसारख्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो, हे शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. इथे ऊस आहे, दूध आहे, जयसिंगपूरची बाजारपेठ आहे. पण दर महिन्याला ठरावीक तारखेला येणारा पैसा मुख्यतः पगाराचाच. उसाचं बिल कारखान्याच्या आणि आंदोलनाच्या तालावर येतं. पगार एक तारखेच्या आसपास येतो, म्हणून त्याच्यावर घराचा हप्ता, पतसंस्थेचं कर्ज, मुलाची इंजिनिअरिंगची फी असं सगळं बांधलेलं असतं. पगारपत्रकातल्या कपातीच्या रकान्यातून पतसंस्थेचा हप्ता परस्पर जातो. पगार दहा दिवस लांबला की हप्ताही दहा दिवस लांबतो, आणि व्याज कुणी माफ करत नाही.

असा विषय विधिमंडळात पोचतो तेव्हा तो तक्रार म्हणून पोचतो. शिक्षकांचे पगार का थकले, कधी होणार, दोषींवर कारवाई काय? मंत्री उत्तर देतात, तांत्रिक अडचण होती, दूर करण्याची कार्यवाही सुरू आहे. सदस्य खाली बसतात. या प्रणालीवर किती पैसे खर्च झाले, कुठल्या शीर्षाखाली झाले, ते मंजूर करताना सभागृहाने काय विचारलं होतं, हे प्रश्न मात्र सहसा निघत नाहीत. सरकारी नोकरांचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आपल्या लोकप्रतिनिधींची नजर पगार थांबल्यावरच जाते, तीही सॉफ्टवेअरवर नसते, थांबलेल्या पगारावर असते. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती जरा सविस्तर मांडायची तर आधी पगार कुठून कसा येतो ते पाहायला हवं.

शिरोळच्या तहसील कार्यालयातल्या एखाद्या अव्वल कारकुनाचा पगार घ्या. त्याची नोंद ‘सेवार्थ’ नावाच्या प्रणालीत आहे. नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, पद, वेतनस्तर, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, कपाती, सगळं तिथे. त्याला एक सेवार्थ क्रमांक मिळालेला असतो. सरकारी नोकराची ती दुसरी जात म्हणायला हरकत नाही, बदली झाली तरी सुटत नाही. दर महिन्याला कार्यालयातला आस्थापना लिपिक बदल भरतो. कुणी रजेवर गेलं, कुणाची वेतनवाढ झाली, कुणाचं कर्ज फिटलं. मग देयक तयार होतं, आहरण व संवितरण अधिकारी म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘डीडीओ’ त्याला मान्यता देतो, आणि देयक कोषागाराकडे जातं. शिक्षकांच्या बाबतीत हीच वाट शालार्थवरून जाते. मुख्याध्यापक पहिला डीडीओ, वर गटशिक्षणाधिकारी किंवा वेतन पथकाचे अधीक्षक दुसरे. ‘बिल फॉरवर्ड केलं का?’ हा प्रश्न शाळांत महिन्याच्या ठरावीक दिवसांत जितक्या वेळा ऐकू येतो, तितका ‘पाढे पाठ झाले का?’ हा येत नसेल.

या वाटेवर मध्येच एक फाटक आहे. त्याचं नाव बीम्स, सरकारी मराठीत अर्थसंकल्प वितरण प्रणाली. विधानसभेने एखाद्या विभागाला वर्षासाठी जो पैसा मंजूर केला, तो या प्रणालीतून विभागाकडून नियंत्रक अधिकाऱ्याकडे, तिथून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या डीडीओकडे उतरतो. देयक काढताना बीम्सवरून अधिकारपत्र निघावं लागतं, त्यालाच बोलण्यात ‘बीडीएस’ म्हणतात. खात्यात तरतूद शिल्लक नसेल तर ते निघतच नाही. भविष्य निर्वाह निधीची रक्कम अडकलेल्या शिक्षकाला विचारा, तो म्हणेल, ‘बीडीएस निघाली नाही, अनुदान नाही.’ या एका वाक्यात भारतीय संविधानाचं एक आख्खं प्रकरण बसलेलं आहे.

संविधानाच्या कलम २०३ नुसार सरकारला खर्चासाठी विधानसभेपुढे मागणी मांडावी लागते. सभागृह ती मान्य करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. वाढवू मात्र शकत नाही. कलम २०४ प्रमाणे विनियोजन कायदा झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही बाहेर पडत नाही. हे लिहिणाऱ्या घटना समितीत शिरोळ तालुक्याचा माणूस होता, ही गोष्ट या भागात अभिमानाने सांगितली जाते आणि सांगायलाच हवी. निमशिरगावचे देशभक्त रत्नाप्पा कुंभार घटना समितीचे सदस्य होते. पुढे शिरोळमधून ते अनेकदा विधानसभेवर गेले. विलीनीकरणाआधी कोल्हापूर संस्थानातल्या गावांचे पगार आणि खर्च दरबार ठरवी, शेजारच्या कुरुंदवाडात पटवर्धन संस्थानिक ठरवत. कुरुंदवाड १९४८ मध्ये विलीन झालं, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. त्यानंतर राजाच्या मर्जीऐवजी सभागृहाचं मत आलं.

आता गंमत बघा. सभागृहाने घातलेली मर्यादा ओलांडली जाऊ नये, हे काम पूर्वी कोषागारातला माणूस वही उघडून करायचा. आज ते बीम्स करते. म्हणजे विधानसभेचा आर्थिक अंकुशच सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला आहे. ते सॉफ्टवेअर नीट चालतं का, त्यातली माहिती खरी आहे का, त्याच्या दुरुस्तीवर किती पैसा जातो, हे विचारणं म्हणजे स्वतःच्या अधिकाराची चौकशी करणं होय. तरीही या खर्चाकडे दुर्लक्ष होतं, आणि त्याचं एक कारण अर्थसंकल्पाच्या पुस्तकांच्या मांडणीतच आहे.

ही पुस्तकं चाळणाऱ्यांना शीर्षांचे आकडे पाठ असतात. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २०५४ म्हणजे खजिना व लेखा प्रशासन, २०७१ म्हणजे निवृत्तिवेतन. प्रत्येकाखाली उद्दिष्ट शीर्षं असतात. ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, १७ संगणक खर्च, ३६ सहायक अनुदाने (वेतन). जयसिंगपूरच्या एखाद्या अनुदानित हायस्कुलातल्या शिक्षकांचा पगार शालेय शिक्षणाच्या ई-२ या मागणीत, ३६ खाली येतो. तो आकडा प्रचंड असतो. राज्याने २०२५-२६ साठी धरलेली महसुली जमा ५ लाख ६० हजार कोटी रुपयांहून जास्त आहे. तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तिघांत जातो. एवढ्या पैशाचा हिशेब ज्या यंत्रावर चालतो, त्याचा खर्च मात्र कुठे १७ खाली, कुठे १० म्हणजे कंत्राटी सेवांखाली, कुठे २८ म्हणजे व्यावसायिक सेवांखाली, निरनिराळ्या विभागांच्या मागण्यांत विखुरलेला असू शकतो. ‘मनुष्यबळ प्रणालीचं आधुनिकीकरण’ असं एक पान उघडून सगळा आकडा एका नजरेत पाहावा, अशी पुस्तकाची रचनाच नाही. आणि मागणीवर मत घेतलं जातं ते मागणी म्हणून. तिच्यातल्या १७ व्या शीर्षावर वेगळं मत घेत नाहीत.

आमदाराच्या हातात एक साधन आहे, कपात सूचना. ‘ही मागणी शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी’ अशी सूचना देऊन तो एखाद्या धोरणावर बोलू शकतो. शंभर रुपयांना अर्थ नसतो, बोलायला मिळतं याला असतो. पण कपात सूचना येतात त्या रस्त्यांवर, दवाखान्यांवर, पूरग्रस्तांच्या मदतीवर. आणि चर्चेचे दिवस संपले की उरलेल्या मागण्या एका दमात मंजूर होतात. शिरोळच्या आमदाराने महापुराऐवजी सेवार्थवर बोलावं अशी अपेक्षा मी करत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या मतदारसंघात ते कुणी ऐकूनही घेणार नाही.

दुसरी वाट पुरवणी मागण्यांची. वर्षाच्या मधे एखादी ‘नवीन बाब’ निघाली की ती पुरवणी मागणीत येते. आधीच्या तरतुदीत बचत असेल तर फक्त एक लहानशी रक्कम मागून सभागृहाची संमती घेतात, तिला लाक्षणिक मागणी म्हणतात. महाराष्ट्रात पुरवणी मागण्यांचा आकार आता असा झाला आहे की २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या मागण्या आल्या आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या. या ढिगात एखाद्या सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाची ओळ कुणाला दिसणार? दिसली तरी ती वाचून काय विचारायचं, हे आमदाराला कोण सांगणार?

विचारायचं काय, हा खरा प्रश्न आहे. बहुतेकांना वाटतं, विचारायचं ते निविदेबद्दल. किती कंपन्या आल्या, कुणाला काम दिलं, दर जास्त होता का. हेही विचारावंच. पण अशा प्रणाली फसतात त्या निविदेत कमी आणि सेवापुस्तकात जास्त.

सेवापुस्तक म्हणजे सरकारी नोकराचं आयुष्य एका पुठ्ठ्याच्या वहीत. रुजू झाल्याची नोंद, पडताळणी, रजा, वेतननिश्चिती, पदोन्नती, शिक्षा झाली असेल तर तीही. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या ग्रामसेवकाच्या वहीत सात-आठ गावांच्या सह्या, तीन-चार रंगांच्या शाया आणि दोन वेतन आयोगांच्या वेतननिश्चिती असतात. कुठे पान फाटलेलं, कुठे पडताळणीची सही राहिलेली. हे सगळं संगणकात आणायचं म्हणजे नुसतं टायपिंग नव्हे, प्रत्येक विसंगतीचा निकाल लावणं आहे. जन्मतारीख दाखल्यावर एक आणि वहीत दुसरी असेल तर कुठली खरी धरायची? हा निर्णय कंपनीचा अभियंता घेऊ शकत नाही. तो आस्थापना लिपिकाने कागद शोधून मांडायचा आणि अधिकाऱ्याने घ्यायचा. त्या लिपिकाच्या या वेळेसाठी कुठल्याच शीर्षाखाली तरतूद नसते. त्याच्याकडे निवडणुकीचं काम असतं, पुराचे पंचनामे असतात, आणि मग ‘येत्या पंधरा दिवसांत माहिती अद्ययावत करावी’ असं पत्र येतं. पंधरा दिवसांत माहिती भरली जाते हे खरं. अद्ययावत होते का, ते निवृत्तीच्या वेळी निवृत्तिवेतनाचे कागद आक्षेप लागून परत आले की कळतं.

कागदाची बाजू घ्यायची म्हणून हे म्हणत नाही. कृष्णा आणि पंचगंगा ज्या तालुक्यात एकत्र येतात तिथे खालच्या कपाटात ठेवलेली वही केव्हा भिजेल याचा भरवसा नाही. शिरोळइतकी डिजिटल सेवापुस्तकाची गरज फार थोड्या तालुक्यांना असेल.

त्यात नियम बदलत राहतात. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आला, पण लागू धरला १ जानेवारी २०१६ पासून. म्हणजे तीन वर्षांची थकबाकी, ती हप्त्यांनी, आणि प्रत्येकाची वेतननिश्चिती नव्याने. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याला १ जुलैची वेतनवाढ मिळावी का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या कर्नाटकातल्या वीज पारेषण कंपनीच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यानंतर महाराष्ट्रातही काल्पनिक वेतनवाढीचा आदेश निघाला. २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. मंत्रालयात ही एक ओळ असते. प्रणालीत मात्र पदांची यादी, मंजूर पदांचा आकृतिबंध, आदेशांचे नमुने, सगळीकडे हात घालावा लागतो. असं सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की संपलं, असं कधीच होत नाही. त्याला कायमचा खर्च लागतो. सभागृहात मात्र ते एकदाच होणाऱ्या खरेदीच्या रूपात येतं.

या दोन गोष्टी, म्हणजे माणसांवरचा खर्च आणि कायमचा खर्च, नजरेआड केल्या की काय होतं याचं जगातलं सर्वांत महागडं उदाहरण कॅनडाचं आहे. त्यांच्या केंद्र सरकारची पगाराची प्रणाली चाळीस वर्षं जुनी झाली होती. २००९ साली ‘फिनिक्स’ नावाच्या नव्या प्रणालीचं काम सुरू झालं. खर्च धरला होता सुमारे ३१ कोटी कॅनेडियन डॉलर, आणि त्यातून वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असा हिशेब होता. वाचणार कुठून? निरनिराळ्या खात्यांत पगाराचं काम करणारे साधारण १,२०० अनुभवी लोक होते; त्यांच्या जागा रद्द करून न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मिरामिशी या लहान गावात एक केंद्र काढायचं, तिथे निम्म्याहून कमी लोक ठेवायचे. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तालुक्यातालुक्यातले आस्थापना लिपिक काढून टाकायचे आणि एका गावात वेतन पथक बसवायचं.

त्या सरकारच्या पगाराचे नियम ८० हजारांच्या घरात होते. पैसे आणि मुदत पुरत नाही असं दिसल्यावर प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी सॉफ्टवेअरमधली शंभराहून जास्त कामं वगळली किंवा पुढे ढकलली, मागील तारखेपासूनच्या थकबाकीचा हिशेबही त्यात होता. एका खात्यात आधी चालवून पाहण्याचा बेत होता, तोही रद्द केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये फिनिक्स सुरू झालं. काहींना पगारच मिळेना, काहींना कमी मिळाला, काहींना जास्त मिळून नंतर वसुली लागली. लाखाहून अधिक कर्मचारी भरडले गेले. २०१८ मध्ये महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी संसदेला अहवाल दिला आणि त्यात या प्रकल्पाला आकलनापलीकडचं अपयश म्हटलं. प्रकल्पाचे तीन वरिष्ठ अधिकारी खर्च आणि मुदत सांभाळण्यात इतके गुंतले होते की प्रणाली तयार नाही हे कळूनही त्यांनी ती सुरू केली, असं त्यांचं म्हणणं. आज फिनिक्स दुरुस्त करण्यावर आणि त्याचे परिणाम निस्तरण्यावर झालेला खर्च अब्जावधी डॉलरमध्ये मोजतात.

या कथेत आपल्याला घेण्यासारखं एक आहे. कॅनडाच्या संसदेपुढे ‘खर्च किती’ आणि ‘बचत किती’ हे दोन्ही आकडे होते. ‘पगाराचं काम जाणणारी १,२०० माणसं काढली तर ८० हजार नियम कोण सांभाळणार’ हा प्रश्न आकड्यात दिसत नव्हता. आणि संसदेने तो वेळेवर विचारला नाही. लोकलेखा समितीने सुनावण्या घेतल्या, कठोर प्रश्न विचारले, पण ते फिनिक्स सुरू झाल्यानंतर.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात आरोग्य खात्याच्या पगाराचं असंच झालं. मार्च २०१० मध्ये नवी प्रणाली आली. मूळ करार सुमारे ६२ लाख डॉलरचा होता, शेवटी एकूण बोजा १२० कोटी डॉलरचा धरला गेला. राज्याला चौकशी आयोग नेमावा लागला.

कॅलिफोर्नियाची गोष्ट जरा वेगळी, म्हणून सांगतो. त्या राज्याची पगाराची प्रणाली १९७० च्या दशकातली. ती बदलायला निघालेल्या प्रकल्पात त्यांनी निदान एक शहाणपण केलं. पगार काढणाऱ्या राज्य नियंत्रकांच्या स्वतःच्या कार्यालयातल्या सुमारे १,३०० लोकांवर नवी प्रणाली आधी चालवून पाहिली. आठ महिन्यांत इतक्या चुका निघाल्या की फेब्रुवारी २०१३ मध्ये करारच रद्द केला. तोपर्यंत सुमारे २५ कोटी डॉलर गेले होते, ते काही थोडे नव्हेत. पण दोन लाखांहून अधिक लोकांचे पगार वाचले. त्यानंतर तिथे माहिती तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांना टप्प्याटप्प्याने मान्यता देण्याची पद्धत बसली. शिवाय तिथल्या विधिमंडळाकडे १९४१ पासून स्वतःचं विश्लेषक कार्यालय आहे. त्यातली माणसं सरकारची नव्हेत, विधिमंडळाची. सरकार प्रकल्प आणतं, हे कार्यालय तो वाचतं आणि आमदारांना साध्या भाषेत लिहून देतं की इथे पैसा कमी दाखवलाय, इथे मुदत खोटी आहे, हे आधी विचारा. आपल्या आमदाराकडे स्वीय सहायक असतो, आणि विधानभवनात ग्रंथालय. पगाराच्या सॉफ्टवेअरचा प्रस्ताव वाचून देणारं तिथे कुणी नाही.

आपल्याकडे शालार्थचा दुसरा अध्याय २०२५ मध्ये उघडला. यावेळी प्रणाली बंद पडली नाही, उलट ती चालू होती आणि तोच घोटाळा होता. नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांक तयार करून, जे शिक्षक रीतसर नेमलेच नव्हते त्यांचे पगार काढले गेल्याचं उघड झालं. एप्रिल २०२५ मध्ये त्या विभागाच्या शिक्षण उपसंचालकांना अटक झाली. २ मे २०१२ पासून भरतीवर बंदी होती, म्हणून नेमणुका त्याआधीच्या तारखांच्या दाखवायच्या, कागद तयार करायचे आणि क्रमांक मिळवायचा, अशी रीत असल्याचे आरोप आहेत. पावसाळी अधिवेशनात हा विषय गाजला, राज्यस्तरीय विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. जुलै २०२५ मध्ये शासनाने २०१२ नंतर नेमलेल्यांना नियुक्ती आदेश, वैयक्तिक मान्यता, शालार्थ मान्यता असे कागद प्रणालीत चढवायला सांगितले.

या शेवटच्या आदेशाकडे जरा थांबून पाहा. म्हणजे इतकी वर्षं क्रमांक होता, पगार निघत होता, आणि ज्या कागदाच्या आधारे क्रमांक दिला तो कागद प्रणालीतच नव्हता! संगणकाने पगाराची बेरीज बिनचूक केली. माणूस खरा आहे का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. याची झळ कुणाला बसली? प्रामाणिक शिक्षकाला. शिरोळच्या एखाद्या शाळेत रीतसर नेमलेल्या शिक्षकालाही दहा-बारा वर्षांपूर्वीचे कागद शोधायला, संस्थेच्या कार्यालयात आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे फेऱ्या मारायला लागल्या. प्रणाली बांधताना नियुक्तीचा कागद जोडल्याशिवाय क्रमांक तयारच होऊ नये, एवढी एक अट घातली असती तर हे टळलं असतं. ही अट तांत्रिक नाही. ती घालायला लावणं हे सभागृहाचं काम आहे, कारण पैसा सभागृहाने मंजूर केलेला आहे.

मग आपल्याकडे ही नजर ठेवायची जागा कुठे आहे? जागा आहेत, चांगल्या आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल कलम १५१ प्रमाणे राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतात आणि लोकलेखा समितीकडे जातात. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत या पदाला संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं, आणि त्याला न्यायसंस्थेइतकं स्वातंत्र्य दिलेलं नाही याबद्दल नाराजीही दाखवली होती. पण लेखापरीक्षण झालेल्या खर्चाचं होतं. अहवाल येणार, समितीपुढे साक्षी होणार, शिफारस होणार, विभाग कार्यपालन अहवाल देणार. तोवर सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आलेली असते आणि ज्यांनी निर्णय घेतले ते अधिकारी दोन बदल्या पुढे गेलेले असतात. पंचायतराज समिती जिल्हा परिषदांना भेटी देते, तेव्हा जिल्हा परिषदेत धावपळ होते हे सगळ्यांनी पाहिलंय. पण तिच्यापुढेही लेखापरीक्षणातले आक्षेपच असतात.

माझ्या मते उपयोगाची समिती तिसरी आहे, अंदाज समिती. खर्च होण्याआधी अंदाजच तपासायचा हे तिचं मूळ काम. सेवार्थ, शालार्थ, बीम्स, अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाची महापार, शिक्षक बदल्यांचं पोर्टल अशा सगळ्या मनुष्यबळ प्रणालींचा एकत्रित खर्च वर्षातून एकदा या समितीपुढे मांडायचा, असा पायंडा पाडायला कायदा बदलावा लागत नाही. संसदेने १९९३ मध्ये विभागवार स्थायी समित्या सुरू केल्या त्या याच विचाराने, की भर सभागृहात ज्या गोष्टीला वेळ मिळत नाही ती खोलीत बसून तपासावी.

शिक्षक बदल्यांच्या पोर्टलचं नाव आलं म्हणून एक सांगतो. २७ फेब्रुवारी २०१७ च्या आणि मग ७ एप्रिल २०२१ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. त्याआधी बदलीसाठी कुणाकुणाच्या दारात उभं राहावं लागायचं हे जुन्या शिक्षकांना विचारा. यंत्राने ते दार बंद केलं, याबद्दल मी यंत्राच्या बाजूने आहे. पोर्टलने ‘खो’ दिला, म्हणजे आपल्या जागी दुसरा आला, म्हणून रागावलेला शिक्षकसुद्धा, यादी सगळ्यांना दिसते हे कबूल करतो. चांगलं सॉफ्टवेअर सामान्य नोकराला साहेबाच्या मर्जीतून सोडवतं. म्हणूनच त्याच्यावर पैसा कमी पडू नये आणि तो पैसा कुठे गेला हे झाकलं जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकदम मागायला हव्यात.

अर्थसंकल्पाची पुस्तकं मराठीत असतात आणि राज्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. शिरोळ तालुक्यात शिक्षक संघटना आहेत, कर्मचारी संघटना आहेत, निवृत्तांच्या संघटना आहेत. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी त्या सात दिवस रस्त्यावर उतरल्या होत्या. पगार थकल्यावर निवेदन देण्यापेक्षा पुढच्या अधिवेशनाच्या आधी आमदारांना भेटून एक तारांकित प्रश्न लावायला सांगा. पगाराच्या आणि सेवापुस्तकाच्या प्रणालींवर गेल्या पाच वर्षांत १०, १७ आणि २८ या शीर्षांखाली प्रत्येक विभागाने किती खर्च केला? नवी प्रणाली सुरू करण्यापूर्वी जुनी तिच्या सोबत किती महिने चालवली? सेवापुस्तकांतल्या नोंदी तपासायला किती माणसं दिली, आणि त्यांच्यासाठी तरतूद कुठे आहे? उत्तर छापील येतं, आणि त्यातला आकडा खोटा निघाला तर मंत्र्यांना सभागृहाला जाब द्यावा लागतो.